सोन्याच्या गावातली ‘मिसेस’: एका स्कॉटिश बाईचा माग काढताना

१८५२ साल. मेलबर्नच्या बंदरात जहाज लागलंय आणि कारकुनाच्या हातात उतारूंची यादी आहे. एका ओळीत नवऱ्याचं नाव, वय, कामधंदा. खालच्या ओळीत नुसतं ‘मिसेस’ आणि पुढे ‘वरीलप्रमाणे’च्या दोन टिकल्या. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेली बाई कागदावर एवढीच उरते.

आता तिच्या खापरपणतीला वाटलं, ही कोण होती, कुठल्या गावची, तिची आई कोण, ते शोधावं, तर या दोन टिकल्यांपासून काही हाती लागणार नाही. तरीही शोध लागतो. मेलबर्नला राहायला आल्यापासून मी असे दोन-तीन शोध शेजारीपाजारी जवळून पाहिले, एकात थोडा हातही लावला. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

खरं तर आपल्याला हा घोळ नवा नाही. माझ्या पणजीचं पाळण्यातलं नाव घरात कोणालाच सांगता आलं नाही. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव तेवढं राहिलं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबा सापडले, त्यांचे भाऊ, वडील, आजोबा सापडले. पणजी ‘सहकुटुंब’ या एका शब्दात होती.

स्कॉटलंडच्या बाईचं मात्र एक बरं असतं. लग्नानंतरही तिचं माहेरचं आडनाव सुटत नाही. व्यवहारात ती मिसेस कॅम्पबेल झाली तरी कायद्याच्या कागदांत, चर्चच्या वहीत आणि थडग्याच्या दगडावर ती मेरी मॅक्लाउडच राहते: ‘मेरी मॅक्लाउड, डोनाल्ड कॅम्पबेलची पत्नी’. (ही नावं नमुन्यादाखल. अशा नावांच्या शेकडो बायका होऊन गेल्या आणि खरी अडचण तीच आहे.) इंग्रज बाईच्या दगडावर हे सहसा दिसत नाही. सोन्याच्या गावांतल्या जुन्या दफनभूमीत नवऱ्याहून वेगळं आडनाव असलेली बायको दिसली की समजावं, हे घर बहुधा स्कॉटिश. शोधाचा सगळा दोरा या आडनावाला बांधलेला असतो.

बटाटा सडला आणि सोनं सापडलं

आधी ती इथे आली कशी ते पाहू.

ऑस्ट्रेलियातली, मेलबर्न जिथे आहे ती व्हिक्टोरिया ही वसाहत १ जुलै १८५१ला न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि त्याच वर्षी तिथे सोनं सापडलं. आधी क्लून्स, मग बॅलरॅट, मग माउंट अलेक्झांडर, बेंडिगो. माउंट अलेक्झांडरच्या पायथ्याशी फॉरेस्ट क्रीक नावाचा ओढा आहे, त्याच्या काठाने पुढे कॅसलमेन हे गाव वसलं. जमीन जाजा वुरुंग लोकांची. त्यांना कोणी विचारलं नाही. इथलं सोनं फार खोल नव्हतं. ओढ्याच्या गाळात, हात-दोन हात माती उकरली की मिळे, त्यामुळे कुदळ, फावडं आणि परात एवढ्या भांडवलावर कोणीही नशीब आजमावू शके. वसाहतीची लोकसंख्या १८५१मध्ये सुमारे ७७ हजार होती. १८६१मध्ये ती ५ लाख ४० हजारांच्या आसपास गेली.

तिकडे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, १८४६पासून बटाट्यावर रोग पडत होता. तिथला गरीब माणूस बटाट्यावरच जगायचा. त्यात जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या, म्हणून गावंच्या गावं उठवली जात होती. १८५२मध्ये ‘हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी’ स्थापन झाली. १८५७पर्यंत तिने जवळपास पाच हजार लोकांना ऑस्ट्रेलियात पाठवलं. तिचे सूत्रधार होते सर चार्ल्स ट्रेव्हेलियन. आपल्याकडच्या इतिहासात हे गृहस्थ मेकॉलेचे मेव्हणे, पुढे मद्रासचे गव्हर्नर आणि कलकत्त्याच्या सरकारातले अर्थखात्याचे सदस्य म्हणून येतात. भाड्याचा काही भाग जमीनदाराने भरायचा आणि बाकीची रक्कम कुटुंबाने तिकडे कमावून फेडायची, अशी व्यवस्था होती. पैसे वसूल करायचे म्हटल्यावर नोंदी चोख ठेवाव्याच लागतात. म्हणूनच सोसायटीच्या याद्या आजही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दप्तरात आहेत आणि त्यांत नाव, वय, मुक्कामाचं गाव मिळतं. सावकाराची वही नातवंडांना अशी उपयोगी पडते.

सगळ्याच जणी अशा दुष्काळातून आल्या असं मात्र धरून चालू नये. ग्लासगो, एअरशर, एडिनबरा इकडून पदरचे पैसे भरून आलेल्या, बऱ्या घरच्या बायकाही पुष्कळ होत्या. गंमत अशी की पुढच्या शोधाच्या दृष्टीने गरीब असणंच फायद्याचं ठरतं. सरकारी खर्चाने आलेल्या माणसाची चौकशी होई: जन्माचा परगणा, धर्मपंथ, वाचता येतं का, लिहिता येतं का, उतरल्यावर कोणाकडे कामाला लागली, पगार किती ठरला. स्वतः तिकीट काढलेल्याला हे कोणी विचारत नसे. ‘मिसेस’ आणि दोन टिकल्या, त्या या दुसऱ्या यादीत.

प्रवासाबद्दल एकच सांगते, तेवढं पुरे. ‘टायकोंडेरोगा’ नावाचं जहाज ऑगस्ट १८५२मध्ये लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडहून निघालं. उतारू जवळपास ८००, त्यांत हायलँड्सची कुटुंबं खूप. दोन मजल्यांवर माणसं कोंबलेली. टायफस या जीवघेण्या तापाची साथ पसरली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागराच्या तोंडाशी पोचेपर्यंत सुमारे १०० जण वाटेतच गेले होते, आणि पॉइंट नेपियनला घाईघाईने उभ्या केलेल्या विलगीकरणाच्या तळावर आणखी कित्येक गेले. तुमची बाई अशा जहाजावर होती असं कळलं, तर यादीतल्या तिच्या आईबापांच्या आणि भावंडांच्या नावांपुढे काय लिहिलंय ते डोळे फाडून पाहा. ‘सोन्याच्या लोभाने आली’ असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं असतं आणि यादीत दिसतं की बंदरात उतरली तेव्हा ती पोरकी होती.

उलट्या पावली

वंश शोधणाऱ्यांचा पहिला नियम असा की ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे मरणाकडून जन्माकडे जायचं. जहाजाची यादी हा मधला टप्पा आहे, तिथून सुरुवात करू नये.

व्हिक्टोरियात जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ला सुरू झाली. हे दाखले इतके तपशीलवार आहेत की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आपल्या तहसील कचेरीतले सगळे फॉर्म आठवले, आणि या फॉर्मभरू कारभाराबद्दल आयुष्यात प्रथमच कृतज्ञता वाटली. मृत्यूच्या दाखल्यात वय, आजार, डॉक्टर आणि दफनाची जागा तर असतेच, शिवाय वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, मेलेली व्यक्ती जन्मली कुठे, वसाहतीत किती वर्षं होती, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी झालं, आणि मुलांची नावं वयांसह, असं सगळं येतं. बाई १८९०मध्ये गेली आणि रकान्यात ‘व्हिक्टोरियात ३८ वर्षे’ असं असेल, तर वजाबाकी करा: १८५२. आता जहाजांच्या याद्या उघडायला हरकत नाही.

पण हा दाखला तिने स्वतः भरलेला नसतो. माहिती देतो मुलगा, जावई, कधी शेजारी. मुलगा इथेच जन्मलेला, त्याने आजी-आजोबा कधी पाहिलेले नाहीत. ‘वडील: माहीत नाही’ असं लिहिलेलं असलं तर तो निदान प्रामाणिक होता. काही जण ठोकून देतात. म्हणून दाखल्यात माहिती देणाऱ्याचं नातं कायम आधी वाचायचं आणि मग ठरवायचं, विश्वास कितपत ठेवायचा.

त्या मानाने लग्नाचा दाखला जास्त भरवशाचा, कारण तिथे बोलणारी ती स्वतः असते. आईबापांची नावं, जन्मगाव, काम, आधीचं लग्न असल्यास तेही. वय मात्र तिथेही लवचिक. घरकामाला तरुण मुली हव्यात म्हणून जहाजावर चढताना वय कमी सांगितलेलं, आणि नवरा दोन वर्षांनी लहान निघाला म्हणून लग्नात आणखी थोडं कमी केलेलं. पाच वर्षं इकडे, पाच तिकडे धरून चालावं.

मुलांच्या जन्मगावांचा नकाशा

मला सगळ्यांत आवडतात ते मुलांच्या जन्माचे दाखले. एकाच बाईचे सात-आठ दाखले जमवून ओळीने मांडले की तिची वणवण दिसते. पहिलं मूल फॉरेस्ट क्रीकला. दुसरं माल्डनला, म्हणजे ‘टॅरनगावर’ नावाच्या डोंगराकडे सोनं निघाल्याची हाक आली होती, १८५३ संपता संपता. तिसरं मेरीबरो, चौथं डनॉली. नवीन ठिकाणी सोनं सापडल्याची बातमी आली की तंबू उपटायचा, भांडी-अंथरुणं गाडीवर टाकायची आणि पोटात मूल असेल तरी निघायचं. नवऱ्याच्या खोदण्याच्या परवान्यात हा प्रवास क्वचितच दिसतो, कारण परवान्यांच्या नोंदी थोड्याच टिकल्यात. तिच्या बाळंतपणांतून मात्र तो नीट दिसतो. मग एके वर्षी गाव बदलणं थांबतं, बापाच्या धंद्यापुढे ‘खाणकामगार’ऐवजी ‘गाडीवान’ किंवा ‘शेतकरी’ येतं. तिथे समजावं, बूड टेकलं.

या दाखल्यात आणखी एक खजिना आहे. बाळंतपणाला हजर कोण होतं, ते लिहिलेलं असतं: डॉक्टर असला तर डॉक्टर, नाहीतर सुईण, शेजारीण. तंबूत कापडी भिंतीआड जी बाई तुमच्या खापरपणजीचा हात धरून बसली होती तिचं नाव कागदावर आहे. हीच शेजारीण दुसऱ्या दाखल्यात लग्नाची साक्षीदार म्हणून येते, तिचाच नवरा तिसऱ्या कागदावर सही करतो. हळूहळू कळतं की ही माणसं एकाच बेटावरून, कधी एकाच जहाजातून आलेली होती.

हा गोतावळा फार महत्त्वाचा, कारण मार्गारेट मॅकडोनाल्ड नावाच्या बायका ढिगाने असतात. नुसत्या नावाने त्यांतली आपली कोणती ते ठरत नाही. सोबत कोण आहे यावरून ठरतं.

इथे आपल्याकडचे झारेकरी आठवतात. सराफकट्ट्यावरची धूळ गोळा करून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे लोक. तसंच काम आहे हे. शंभर कागद धुवायचे तेव्हा एक कण तळाशी बसतो.

नावाचा गुंता

हायलँड्सची बाई असेल तर तिची मातृभाषा गेलिक. घरात तिला ‘शोनाइद’ म्हणत, चर्चच्या इंग्रजी वहीत ती जेनेट होई आणि जहाजावर जेसी. ‘ओयरिग’ची युफेमिया किंवा एफी. ‘बेहाग’ची रिबेका, कधी सोफियासुद्धा. आपल्या कानांना या जोड्यांत काही मेळ लागत नाही, पण तिथल्या पाद्र्यांना त्या पाठ होत्या. म्हणून जेसी शोधताना जेनेट आणि जीन याही चाळायच्या.

आडनावाचंही तसंच. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. गेलिकमध्ये मुलीच्या नावामागे ‘निक’ लागतं, म्हणजे मॅकडोनाल्डची लेक मूळ बोलीत मॅकडोनाल्ड नसतेच. गावात तर तिला आडनावानेही कोणी ओळखत नसे. ‘डोनाल्डच्या इअनची मेरी’ अशी बापाची आणि आजोबाची साखळी जोडली जाई. ही पद्धत आपल्याला लगेच उमजते, इंग्रज कारकुनाला ती कधी उमजली नाही. त्याने सरसकट ‘मॅक’ लिहून टाकलं.

त्यात वर्तमानपत्रांचा छापखाना. कॅसलमेनचं ‘माउंट अलेक्झांडर मेल’ १८५४मध्ये सुरू झालं. असे जुने अंक आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर घरबसल्या, फुकट वाचता येतात. पण त्या काळी ‘मॅक’ पूर्ण छापत नसत. नुसता एम अक्षर आणि वर उलटा स्वल्पविराम. संगणकाने ते पान वाचताना त्या स्वल्पविरामाचं काहीही केलेलं असतं. एका शेजाऱ्यांचा शोध याच एका टिंबापायी कित्येक महिने अडला होता. आडनाव तोडून, जोडून, मॅक गाळून, असं पाच-सहा प्रकारे शोधून पाहायचं.

अलीकडचा काठ, पलीकडचा काठ

इथपर्यंत तिचं माहेरचं आडनाव, आईबापांची नावं आणि जन्माचा परगणा हाती आला असेल, तर आता समुद्र ओलांडून स्कॉटलंडला जाता येतं.

तिथे सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५पासून. तोवर आपली बाई निघून आलेली. म्हणजे तिचा जन्म सापडला तर चर्चच्या जुन्या वह्यांत, बाप्तिस्म्याच्या नोंदीत. त्याही सक्तीच्या नव्हत्या, आणि १८४३मध्ये तर चर्चच फुटलं: सुमारे ४७० धर्मगुरू बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. हायलँड्समधली बरीच माणसं त्यांच्यामागे गेली, त्यामुळे एका वहीत नाही म्हणजे ती जन्मलीच नाही असं होत नाही. विवाहाचंही तेच. दोघांनी साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं की स्कॉटलंडच्या कायद्याने लग्न लागलं, आणि ही मुभा १९४०पर्यंत होती. नोंद सापडली नाही म्हणून खापरपणजीच्या चारित्र्याची चर्चा करत बसू नये.

उलट, चर्चच्या स्थानिक पंचांची टिपणं चाळावीत. ‘कर्क सेशन’ म्हणतात त्यांना. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला हे पंच बोलावत, बापाचं नाव विचारत आणि सवाल-जबाब लिहून ठेवत. वाचताना अंगावर काटा येतो. पण अनेक गरीब बायकांचा स्वतःच्या तोंडचा म्हणावा असा शब्द फक्त या टिपणांतच आहे. ही टिपणं आता ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात.

१८४१ आणि १८५१च्या जनगणनाही आहेत. १८४१च्या गणनेत मोठ्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, म्हणजे १९ वर्षांची मुलगी तिथे १५ची दिसेल. यात फसलेले लोक मी पाहिलेत. (व्हिक्टोरियातल्या त्या काळच्या जनगणनेचे घरोघरचे कागद मात्र जपले गेले नाहीत. आकडे राहिले, माणसं गेली.)

आणि एक युक्ती. १८५५ या एकाच वर्षी स्कॉटलंडने दाखल्यात भलतेच तपशील मागितले: आईबापांचं वय, जन्मगाव, लग्नाची जागा आणि साल, आधीची मुलं किती. कारकुनांना ते झेपेना म्हणून पुढच्या वर्षी कात्री लागली. तुमच्या बाईची मागे राहिलेली एखादी बहीण १८५५मध्ये बाळंत झाली असेल, तर तो दाखला काढा. तिच्या जन्मगावावरून घराण्याचं गाव कळतं.

मुलांच्या नावांवरूनही अंदाज बांधता येतो. रीत अशी: थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्याचीच ही जास्त काटेकोर आवृत्ती. थोरली मुलगी ग्रिझल असेल तर आजी ग्रिझल निघण्याचा संभव दांडगा. पण हा पुरावा नव्हे. कुठे खणायचं ते सांगणारी खूण म्हणा.

संकट आलं की कागद होतो

जिचं सगळं सुरळीत चाललं ती बाई दप्तरात जवळजवळ दिसत नाही. दाखले तेवढे राहतात. जिच्यावर संकट आलं ती ठळक दिसते.

१८६१मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो भागात, गेब्रियल्स गलीत सोनं सापडलं आणि व्हिक्टोरियातले हजारो पुरुष तिकडे धावले. काहींनी पैसे पाठवले, काही परतले, काही गायबच झाले. मग मागे राहिलेली बायको दंडाधिकाऱ्यापुढे पोटगीसाठी उभी राहते आणि पोलिस गॅझेटात पळून गेलेल्या नवऱ्याचं वर्णन छापून येतं, उंची, दाढी, अंगावरचा कोट यांसकट. वर्तमानपत्रात ‘हरवलेली माणसं’ असं सदर असायचं. पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्याही छापत, म्हणजे गावाकडून पत्र आलेलं असे आणि घेणारी पुढच्या सोन्याच्या गावाला निघून गेलेली. आकस्मिक मृत्यूच्या चौकशीचे कागद, धर्मादाय आश्रमाच्या वह्या, अनाथ म्हणून सरकारने ताब्यात घेतलेल्या मुलांची नोंद, हे सगळं व्हिक्टोरियाच्या सरकारी दप्तरखान्यात आहे.

चोरून दारू विकल्याचे खटलेही पाहावेत. सुरुवातीची काही वर्षं सोन्याच्या गावांत दारूविक्रीला बंदी होती आणि तंबूत खाणावळ चालवणाऱ्या, कपडे धुऊन देणाऱ्या अनेक बायका पडद्याआड बाटली ठेवत. पहिल्या गुन्ह्याला दंड ५० पौंडांपर्यंत. खापरपणजीचं नाव तिथे सापडलं तर काही घरांत चेहरे उतरतात. मला विचाराल तर त्या नोंदीतून तिचा धंदा, तिची जागा आणि तिची हिंमत तिन्ही कळतात. बाकी सगळीकडे ‘काम’ या रकान्यात तिच्यापुढे रेघ मारलेली असते.

इतिहासाने नाव लक्षात ठेवलेल्या स्कॉटिश बायका आहेत, नाही असं नाही. ग्लासगोत जन्मलेली ॲग्नेस बंटाइन बैलगाडी हाकत गिप्सलँडमधल्या वॉलहालाच्या सोनखाणीपर्यंत सामान पोचवायची. तिच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं. पण चाबूक हातात घेतला की नाव राहतं, लाटणं घेतलं की नाही.

तिची स्वतःची सही

कर भरणाऱ्यांच्या वह्या जरूर पाहाव्यात, विशेषतः विधवांसाठी. झोपडी तिच्या नावावर आली की नगरपालिकेच्या वहीत ती येते. यातून एक गमतीची गोष्ट घडली. जानेवारी १८५६मध्ये कॅसलमेनच्या नगरपालिका निवडणुकीत फॅनी फिंच या खाणावळवालीने मत टाकलं. ती लंडनची, आफ्रिकी वंशाची, स्कॉटिश नव्हे. कायद्यात करदाती ‘व्यक्ती’ असं लिहिलं होतं आणि ती व्यक्ती होती. मत नंतर बाद केलं. मग १८६३च्या निवडणूक कायद्यात पुन्हा तीच शब्दांची चूक झाली, १८६४मध्ये करदात्या बायकांनी विधिमंडळासाठी मतं दिली, आणि १८६५मध्ये पुरुषांनी घाईघाईने ती फट बुजवली.

१८९१मध्ये व्हिक्टोरियातल्या बायकांनी मताधिकारासाठी घरोघर फिरून सुमारे ३० हजार सह्या गोळा केल्या. कापडावर चिकटवलेली ती कागदाची गुंडाळी २६० मीटर लांब आहे आणि त्यातली नावं आता शोधता येतात. १८५२मध्ये वीस वर्षांची आलेली बाई तेव्हा साठीला टेकलेली. जहाजाच्या यादीत जिच्यापुढे ‘लिहिता येत नाही’ असं होतं, तिचं नाव इथे पत्त्यासह, शाईने लिहिलेलं दिसू शकतं. सही तिचीच की लेकीने केलेली, हे अक्षर पाहून ठरवायचं. आणि ती १९०३पर्यंत जगली असेल तर देशाच्या पहिल्या संघीय मतदार यादीतही ती भेटेल. व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘घरकाम’.

एक रिकामा रकाना

एक गोष्ट राहिली. जन्माच्या दाखल्यात ‘आधीची अपत्ये’ असा रकाना असतो: जिवंत किती, मृत किती. मृतांची कधी नावं असतात, कधी नुसता आकडा. समजा १८५६च्या दाखल्यात लिहिलंय, ‘मृत १’. सरकारी नोंदणीत तो मृत्यू सापडत नाही. म्हणजे बहुधा जुलै १८५३च्या आधीचा, फॉरेस्ट क्रीकवरच्या पहिल्या उन्हाळ्यांतला. हजारो माणसं, एक ओढा, त्यातच सोनं धुवायचं आणि तेच पाणी प्यायचं. लहान मुलं हगवणीने पटापट गेली.

कॅसलमेनजवळ पेनीवेट फ्लॅट नावाचं माळरान आहे. पेनीवेट म्हणजे सोनं तोलायचं छोटंसं माप, आपल्या गुंजेसारखं. जमीन खडकाळ आणि सोनं अगदी थोडं, म्हणून ती दफनाला मिळाली. १८५२ ते १८५७ या काळात तिथे सुमारे २०० जणांना पुरलं, बहुतेक मुलं. मी गेले तेव्हा कडक ऊन होतं. खोल खणता येत नाही म्हणून मातीवर दगड रचून त्यांचे लांबट ढीग केलेत, हातभर, दीड हात लांबीचे. बहुतेकांवर नाव नाही. माझ्याबरोबरच्या आजींनी पिशवीतून शोधवही काढली, त्या ‘मृत १’पुढे पेन्सिलीने ‘पेनीवेट?’ एवढं लिहिलं आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.